व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं?

मूस जॉ, सस्कॅचवान, कॅनडा
१९ मे २०२४

प्रिय चिमे,

तुझं पत्र मार्चमध्येच आलं होतं. उत्तराला दोन महिने लावले म्हणून खुशाल शिव्या घाल, पण आधी कारण ऐक. आमच्या आजी गेल्या. ज्यांच्या तळघरात आम्ही पहिली चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या. फेब्रुवारीत, बाहेर उणे एकतीस असताना, झोपेतच. महिनाभर अजून काढला असता तर नव्व्याण्णव पुरी झाली असती.

तू लिहिलंयस की शाळेचा पट चौदावर आलाय, आणि वीसच्या आतल्या शाळा समूह शाळेत घालायचं जे चाललंय त्यात तुझ्या वस्तीचंही नाव ऐकू येतंय. शाळेसाठी भांडावं का, असं विचारलंयस. ते वाचलं आणि पहिला विचार मनात आला, की आज आजी असत्या तर हे पत्र त्यांना तर्जुमा करून वाचून दाखवलं असतं. त्यांनी चष्मा पुसला असता आणि विचारलं असतं, "बाईंना पगार तरी वेळेवर मिळतो का?" मग मुद्द्याकडे वळल्या असत्या.

इकडे माणूस गेलं की पेपरात निधनवार्ता देतात. आपल्यासारखी फोटो आणि चार ओळी अशी नाही, अख्खा जन्म मांडलेला असतो. ओळीमागे पैसे मोजावे लागतात तरी लोक हात आखडत नाहीत. आजींची थोरली लेक, स्वतःच चौऱ्याहत्तरची, माझ्याकडे आली. म्हणाली, "गेली दहा वर्षं दर रविवारी तू ऐकत बसायचीस. आम्हाला कधी वेळच नव्हता. तूच मदत कर." आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. आधी अंत्यविधीवाल्यांचा फॉर्म भरायचा होता. नाव, जन्म, आईचं माहेरचं नाव, सगळं सुरळीत झालं. मग रकाना आला: व्यवसाय.

लेक म्हणाली, 'होममेकर' लिहू. मुलगा म्हणाला, 'फार्म वाइफ', आईला तेच आवडलं असतं. नात फोनवर होती, ती ओरडली, "अरे, ग्रँडमा टीचर होती!" तिघांची जुंपली. मी आपली कॉफी पीत गप्प. मला आजींच्या पाककृतींच्या डब्यातलं एक कात्रण आठवत होतं. त्याचं पुढं सांगते.

आजींचा जन्म १९२५ चा, यलो ग्रास नावाच्या गावाजवळच्या शेतावर. त्यांचे आजोबा ऑन्टॅरिओतून आले ते जमिनीसाठी. दहा डॉलर भरायचे आणि १६० एकर घ्यायचे, तीन वर्षांत तिथं राहून, नांगरून, घर बांधून दाखवायचं, मग कागद नावावर. आपल्याकडे सोळा गुंठ्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, त्यामुळे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडात बोटंच घातली. आजी म्हणाल्या, "फुकट नव्हती ती. कुणाची तरी होती." १८७४ साली इथल्या मूळच्या क्री, सोतो आणि नाकोडा लोकांशी सरकारनं केलेल्या चार नंबरच्या कराराची ही जमीन. शाळेपासून काही मैलांवर त्यांची वस्ती होती, पण आजींच्या शाळेच्या पटावर त्यातलं एकही मूल नव्हतं. त्यांना घरापासून तोडून दूरच्या निवासी शाळांत नेत. त्यातल्या शेवटच्या शेवटच्या शाळांपैकी एक याच प्रांतात १९९६ पर्यंत चालू होती. "मी त्या काळी विचारलंसुद्धा नाही, ती मुलं कुठं आहेत म्हणून," असं त्या नव्वदीत एकदाच म्हणाल्या. पुन्हा तो विषय काढला नाही, मीही नाही.

आणि ही दहा डॉलरची जमीन बाईला मिळायची नाही बरं का. विधवा किंवा पोराबाळांची एकटी पोशिंदी असेल तरच. बाकी लग्न झालेली, न झालेली, कुणीही असो, नाही म्हणजे नाही. तो नियम १९३० पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी जमिनीचा कारभार प्रांतांकडे जाऊन फुकट जमीन वाटणंच जवळपास संपलं. म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडलं.

त्यांचं बालपण म्हणजे तिसाच्या दशकातला दुष्काळ. हा प्रदेश शेतीला कोरडा आहे असं पॅलिसर नावाच्या कप्तानानं १८५७ च्या मोहिमेनंतर लिहूनच ठेवलं होतं, ऐकतो कोण! नांगरलेली माती वाऱ्यावर उठली आणि भरदुपारी कंदील लावायची वेळ आली. खिडक्यांना ओल्या चादरी. जेवणाची ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि वाढायच्या क्षणी उलटी करायची, नाहीतर जेवणाआधी ताटात धूळ. ५ जुलै १९३७ ला त्यांच्या यलो ग्रासला ४५ अंश तापमान झालं. सगळ्या कॅनडाचा तो उच्चांक २०२१ पर्यंत मोडला नव्हता. आजी बारा वर्षांच्या होत्या. त्या वर्षी प्रांतात गहू सरासरी एकरी तीन बुशेलसुद्धा झाला नाही, आणि पेरायलाच एकरी बुशेलभर लागतो. गुरांना काटेरी तण कापून घातलं. मोटारीला पेट्रोल परवडेना तेव्हा इंजिन काढून तिला घोडे जुंपले, आणि पंतप्रधान बेनेट यांच्या नावानं त्या गाडीला 'बेनेट बग्गी' म्हणायला लागले.

मदत म्हणून पूर्वेकडून आगगाडीनं सफरचंदं आली आणि खारवलेला सुका कॉड मासा आला. फळकुटासारखा कडक. माळावरच्या लोकांनी समुद्र बघितलेला नाही, त्याचं करायचं काय? आजींच्या आईनं तसाच तळला आणि कुणाच्याच घशाखाली उतरला नाही. मग शेजारच्या नॉर्वेजियन बाईनं शिकवलं. (ही गोष्ट मी मालवणला सासूबाईंना फोनवर सांगितली तर त्या कळवळून म्हणाल्या, "अगो, आधी भिजत नको का घालूक!") मला मात्र आईची मिलो आठवली. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या सांगोल्याकडे अमेरिकेतली ती लाल ज्वारी आली होती ना, भाकरी थापली की फाटायची. आई खडी फोडायला जायची आणि सुकडी पदरात बांधून आणायची. हे सांगितलं तर आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुमच्या मिलोचं शेवटी काय केलंत?" म्हटलं, खाल्ली. "आम्ही पण," म्हणाल्या.

त्यांच्या शाळेतल्या बाईंना त्या काळात रोख पगार मिळत नसे. शाळेच्या मंडळाकडे पैसेच नव्हते, म्हणून 'पुढं देऊ' अशी सहीची चिठ्ठी मिळायची. कित्येक चिठ्ठ्या शेवटपर्यंत वटल्या नाहीत. बाई आजींच्याच घरी जेवायला-राहायला होत्या, आणि रात्री चुलीपाशी बसून त्या चिठ्ठ्या मोजायच्या. हे डोळ्यांनी बघूनही पोरीनं ठरवलं, मास्तरीणच व्हायचं. अठराव्या वर्षी इथं मूस जॉच्या नॉर्मल स्कूलमध्ये आली. म्हणजे आपलं डी. एड. समज. युद्धामुळे शिक्षकांची टंचाई होती. वर्षभरात प्रशिक्षण उरकून ती एका खोलीच्या शाळेवर हजर.

आता तुझ्या कामाचं. एक खोली, पहिली ते आठवीची छत्तीस पोरं, आणि नववी-दहावीची दोन पोस्टानं धडे मागवून मागच्या बाकावर. मधोमध शेगडी. सकाळी शाई गोठलेली असायची. पोरं घोड्यावरून येत, म्हणून शाळेच्या आवारात घोड्यांचा गोठा. दुपारच्या जेवणासाठी प्रत्येकानं काचेच्या बरणीत आणलेलं सूप नाहीतर बटाटे शेगडीवरच्या पाण्याच्या परातीत ठेवायचे, बारापर्यंत गरम. गणितं घालायच्या त्या खारीच्या शेपट्यांची. माळावरच्या बिळातल्या खारी, गोफर म्हणतात त्यांना, पीक खातात, म्हणून शेपटीमागे बक्षीस मिळायचं. "तुझ्याकडे सतरा शेपट्या आहेत, भावानं पाच चोरल्या..." पोरं झटकन उत्तर द्यायची, पैशाचा सवाल होता. आणि वर्षभर काय शिकवलं ते कुणी विचारत नसे. बाईंची परीक्षा नाताळच्या कार्यक्रमात! फळ्यांचं स्टेज, तारेवर चादरींचा पडदा, आणि प्रत्येक पोराला निदान दोन ओळी तरी बोलायला मिळाल्याच पाहिजेत. एकाही पोराचं राहिलं तर ते घर पुढं वर्षभर बोलायचं नाही. तुझ्या स्नेहसंमेलनाचं वर्णन वाचून त्या एवढ्या हसल्या होत्या ते उगाच नाही.

सगळ्यात रंगवून सांगायच्या त्या १९४७ च्या बर्फवादळाच्या गोष्टी. ३० जानेवारीला सुरू झालं ते दहा दिवस. आगगाड्याच्या आगगाड्या बर्फात गाडल्या गेल्या. रिजायना शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. आजी एकवीस वर्षांच्या, शाळेला लागून असलेल्या शिक्षिकेच्या खोलीत एकट्या. नशिबानं वादळ वाढायच्या आत पोरं घरी पोचली होती. गोठ्यापर्यंत दोर बांधलेला होता, तो धरून कोळसा आणायच्या. दोर सोडला की संपलं, अंगणातल्या अंगणात माणूस हरवून गोठतो. सहाव्या दिवशी कोळसा तळाला गेला. खायला ओट्स आणि एक सुरणाएवढा सलगम. त्यांनी छत्तीस वह्या तपासल्या, मग पुन्हा पहिल्यापासून तपासल्या, कारण दुसरं करणार काय. आठव्या दिवशी वारा जरा पडला, तेव्हा पाऊण मैलावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा घोड्यांची घसरगाडी घेऊन आला. दार बर्फात बुजलेलं, म्हणून खिडकीतून दुधाचा कॅन आणि पाव आत दिला. त्यानं विचारलं, ठीक आहात का? ह्या म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या भावाचा भागाकार फार कच्चा आहे." पुढच्या वर्षी लग्न झालं. पन्नास वर्षांचा संसार केला, आणि दिराचा भागाकार म्हणे शेवटपर्यंत कच्चाच राहिला.

लग्न झालं तशी नोकरी सुटली. तशीच रीत होती. मग गायी, कोंबड्या, बाग, चार मुलं. साईचे कॅन आगगाडीनं शहरात पाठवायचे. अंडी आणि साय यांचे पैसे बाईचे, त्यातून किराणा, कापड, चपला. गव्हाचा पैसा ट्रॅक्टरमध्ये आणि जमिनीत. चपला झिजतात, जमीन उरते. आणि उरते ती ज्याच्या नावावर आहे त्याची. हे वाक्य आजींचं, माझं नाही. पिठाच्या पोत्यांचं कापड मऊसूत असे, त्याच्या पोरांच्या चड्ड्या शिवायच्या. गिरणीचा छाप धुऊन धुऊनही जात नसे, मग तो नेमका कुठं येणार हे शिंपणीच्या हातात. हंगामात मळणीला पंधरा-वीस माणसं येत, त्यांना दिवसातून पाच वेळा खायला. पुढं कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, आल्यावर ते थांबलं, पण मग बाई ट्रकवर बसली. गव्हानं भरलेला ट्रक रात्री अकराला एलिव्हेटरपाशी, म्हणजे धान्याच्या उंच लाकडी कोठारापाशी, रांगेत लावून, स्टेअरिंगवर वही ठेवून त्या मुलांचे निबंध तपासायच्या.

वीज १९५३ ला आली. गावोगाव वीज न्यायचा कायदा १९४९ चा, प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांच्या सरकारचा. पहिल्या संध्याकाळी घरातले सगळे दिवे लावले आणि सगळे बाहेर पडून अंगणातून आपलंच घर बघत उभे राहिले. याच सरकारनं १९४७ पासून इस्पितळाचा खर्च विम्यात घेतला, त्यामुळे थोरलीच्या बाळंतपणाचं बिल आलं नाही. आजींच्या वडिलांनी डॉक्टरला कोंबड्या देऊन बिल फेडलेलं होतं, त्यामुळे डग्लस यांच्याबद्दल वाकडा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

१९५६ ला शाळेला बाई मिळेना, तेव्हा लग्न झालेलीही चालायला लागली. मंडळाचे लोक टोप्या हातात घेऊन दारात. पुढची पाच वर्षं त्याच खोलीत. आणि १९६१ ला शाळा बंद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या भागात असेल-नसेल, तू ठरव. १९४४ नंतर इथल्या हजारो छोट्या शाळा मोठ्या विभागांत एकत्र केल्या, आणि पुढच्या वीसेक वर्षांत एकखोली शाळा संपल्याच. आजी म्हणायच्या, खोटं कशाला बोलू, पोरांचं भलं झालं. शहरातल्या शाळेत ग्रंथालय होतं, प्रयोगशाळा होती, विज्ञानाला वेगळा माणूस होता. "मला जे येत नव्हतं ते त्यांना मिळालं." पण सहा वर्षांचं पोर थंडीत अंधारात बसमध्ये चढायचं आणि अंधारात उतरायचं. नाताळचा कार्यक्रम गेला, मग लोक एकत्र येईनासे झाले, मग दुकान गेलं, रेल्वेचा फाटा उखडला, एलिव्हेटर पाडला. शाळा गेली म्हणून गाव गेलं, की गाव चाललंच होतं म्हणून शाळा गेली, यावर नवरा-बायकोचं तीस वर्षं भांडण चाललं. त्या स्वतः शहरातल्या शाळेत रुजू झाल्या आणि १९८५ ला निवृत्त झाल्या. चिमे, तुझ्या वस्तीला बस तरी आहे का? मला वाटतं, भांडायचं असलं तर आधी त्यावर भांड. ओढ्याला पाणी आलं की तुमची वाट बंद होते हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसणार.

आता ते कात्रण. सफरचंदाच्या 'पाय'च्या, म्हणजे इकडच्या भाजलेल्या गोड पदार्थाच्या, कृतीमागे टाचणीनं लावलेलं. शेजारच्या आल्बर्टात आयरीन मर्डॉक नावाची बाई होती. पंचवीस वर्षं नवऱ्याबरोबर गुरांच्या रँचवर राबली. गवत कापणं, ट्रॅक्टर चालवणं, गुरं हाकणं, त्यांना डागणं, लस टोचणं, सगळं. नवरा वर्षातले पाच महिने दुसऱ्या कामावर बाहेर. संसार मोडला तेव्हा तिनं वाटा मागितला. खालच्या न्यायाधीशानं म्हटलं, हिनं केलं ते कुठलीही रँचवाल्याची बायको करतेच. १९७३ ला सर्वोच्च न्यायालयानंही वाटा नाकारला, चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे बोरा लास्किन. देशभर बायका खवळल्या. १९७८ ला याच न्यायालयानं सस्कॅचवानातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोला अर्धा वाटा दिला, आणि मग इथं कायदाच बदलला.

आजींनी ते कात्रण नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. काही बोलल्या नाहीत. आजोबांनी वाचलं, कॉफी संपवली, आणि आठवड्यानं वकिलाकडे जाऊन निम्मी जमीन त्यांच्या नावावर केली. तेही काही बोलले नाहीत. मी विचारलं, आनंद झाला असेल ना? म्हणाल्या, "त्या रात्री मी टॅक्सचं बिल पहिल्यांदा नीट वाचलं. भयंकर होतं."

मी त्यांना आमच्या अण्णांची गोष्ट सांगितली. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या सभेत बायकोच्या नावावर जमीन करायला कोण तयार आहे म्हटल्यावर अण्णांनी सगळ्यात आधी हात वर केला होता. टाळ्या पडल्या. तलाठ्याकडे जायचं मात्र राहून गेलं. "किती वर्षं?" आजींनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लाल पेन उचललं आणि हवेत एक मोठी फुली मारली.

ते लाल पेन! अकरा नातवंडं, त्यांनी पत्र पाठवलं की आजी शुद्धलेखन तपासून तेच पत्र परत पाठवायच्या, मागच्या बाजूला उत्तर लिहून. आमच्या पोराला इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यानं फी म्हणून त्यांना मुळाक्षरं शिकवली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. 'ळ' त्यांना फार आवडला, "हे अक्षर गाठ मारल्यासारखं आहे" म्हणाल्या. त्यानं गिरवायला दिलेल्या ओळीत त्यानेच चूक केली होती, तीही त्यांनी लाल पेनानं दाखवली.

तर मी टेबलावर ते कात्रण काढून ठेवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "मला ट्रक चालवायला तिनंच शिकवलं." लेकीनं रकान्यात लिहिलं: शेतकरी, शिक्षिका. रकाना लहान, अक्षरं दाटीवाटीनं बसली. नातवंडांचं पेपरात घातलं, लाल पेनासकट, आणि त्या एका ओळीचे जास्तीचे पैसे मी दिले.

अस्थी जूनमध्ये पुरणार, आजोबांच्या शेजारी. दफनभूमी शेताच्या कडेलाच आहे, आता सगळीकडे पेरणी चाललीय. लेकीनं मला त्यांच्या परसातली रुबार्बची एक गड्डी खणून दिली. देठ लाल आणि आंबट, आपल्या चुक्यासारखे, पानं मात्र विषारी. आजी त्यांचा 'पाय' करायच्या, मी वरणात घालायची, आणि वरण चांगलं की 'पाय' यावर आमचा निकाल लागला नाही. लावलीय मागच्या दारी. पहिल्या वर्षी देठ तोडायचे नसतात, म्हणून नुसती पाणी घालते.

मुलांना आशीर्वाद. सासूबाईंच्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
ठमी

ता. क. अण्णांना फोन केला होता. या वेळी नक्की तलाठ्याकडे जातो म्हणाले. हे त्यांनी मागंही म्हटलं होतं. तू शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर जाशील का? तुझ्यापुढं त्यांचं काही चालत नाही.